तुमची शाळा कितव्या नंबरची?

मुलांनो, परीक्षेचा निकाल हातात पडला की घरी पहिला प्रश्न कोणता येतो? "कितवा नंबर आला?" मामा विचारतात, शेजारच्या काकू विचारतात, किराणा दुकानातले काकासुद्धा सोडत नाहीत. पण तुमच्या शाळेचा नंबर कधी कोणी विचारला आहे का? शाळेचाही नंबर काढता येईल का? काढायचा म्हटलं तर कशावरून काढणार? इमारतीच्या रंगावरून, निकालावरून, की गणवेशाच्या टायवरून?

हा प्रश्न वाटतो तसा गमतीचा नाही. आपल्या कन्हानकडेच बघा. नदीवरचा पूल ओलांडला की कामठी, आणि तिथून पुढे नागपूर. सगळं मिळून वीसेक किलोमीटर. म्हणजे इथल्या मुलासाठी गावातली शाळा, कामठीची शाळा, नागपूरची शाळा असे कितीतरी पर्याय. विदर्भात उन्हामुळे शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा थोड्या उशिरा उघडतात. तोपर्यंत मे-जूनच्या रणरणत्या उन्हात घराघरांत एकच चर्चा रंगते, "पोराला यंदा कोणत्या शाळेत टाकायचं?" मग कोणी म्हणतं, "तिथं घ्यायला गाडी येते." कोणी म्हणतं, "आमच्या साहेबांचा मुलगा तिथंच जातो." झालं, ठरलं! चपला घेतानाही आपण याहून जास्त चौकशी करतो, नाही का?

आणि खरी माहिती तर कुलुपात नाही. ती सगळ्यांसाठी खुली आहे, फुकट आहे. फक्त ती वाचायची कशी, हे कळायला हवं. आज आपण तेच शिकू. जिल्हा परिषदेच्या, नगर परिषदेच्या, महानगरपालिकेच्या, म्हणजे तुमच्या-आमच्या करातून चालणाऱ्या सार्वजनिक शाळा एकमेकींशी ताडून कशा पाहायच्या ते बघू.

अकरा आकड्यांचं नाव

प्रत्येक गाडीला जसा नंबर असतो, तसा देशातल्या प्रत्येक मान्यताप्राप्त शाळेला एक अकरा आकडी नंबर असतो. त्याला यू-डायस क्रमांक म्हणतात. तुमच्या प्रगतिपुस्तकावर किंवा शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तो बहुतेक सापडेल. शोधा बरं!

सापडला? आता त्याची फोड करू. पहिले दोन आकडे राज्याचे. महाराष्ट्राचे २७. पुढचे दोन जिल्ह्याचे. नागपूरचे ०९. म्हणून कन्हान असो, रामटेक असो की नागपूर शहर, आपल्या जिल्ह्यातल्या शाळांचा क्रमांक २७०९ नं सुरू होतो. त्यापुढचे दोन तालुक्याचे किंवा गटाचे, त्यापुढचे तीन गावाचे किंवा वॉर्डाचे आणि शेवटचे दोन खास तुमच्या शाळेचे. दोन, दोन, दोन, तीन आणि दोन. करा बेरीज, झाले की नाही अकरा?

या क्रमांकामागे शाळेचं एक मोठं पत्रक असतं. १९९४-९५ च्या सुमारास केंद्र सरकारनं काही जिल्ह्यांत अशी माहिती गोळा करायला सुरुवात केली. २०१२-१३ पासून पहिली ते बारावीच्या सगळ्या शाळांसाठी एकच पत्रक झालं, आणि २०१८-१९ पासून ते इंटरनेटवरून भरलं जाऊ लागलं. ते भरायचं काम आम्हा शिक्षकांचंच. त्यात काय नसतं! प्रत्येक वर्गाचा पट किती, मुली किती, मुलगे किती, शिक्षक किती, चांगल्या खोल्या किती, दुरुस्तीला आलेल्या किती, पाण्याची सोय, शौचालयं, वीज, मैदान, कुंपणभिंत, चाकाच्या खुर्चीसाठी उतरता रस्ता, ग्रंथालयातली पुस्तकं, शाळा किती दिवस भरली, असं सगळं.

तुम्ही म्हणाल, "मग सोपंच आहे! दोन शाळांची पत्रकं काढायची, शेजारी शेजारी ठेवायची आणि नंबर देऊन टाकायचा." थांबा, थांबा! आकडे खोटं बोलत नसतील, पण अर्धवट नक्कीच बोलतात. चला, बघू कसं ते.

भागाकार सोपा, अर्थ अवघड

आपण मनातल्या मनात दोन शाळा उभ्या करू. एक नदीकाठची आणि एक टेकडीवरची. दोन्ही पहिली ते पाचवीच्या.

नदीकाठच्या शाळेत ५८ मुलं आणि २ शिक्षक. टेकडीवरच्या शाळेत १५० मुलं आणि ५ शिक्षक. एका शिक्षकामागे मुलं किती? पहिल्या शाळेत ५८ भागिले २, म्हणजे २९. दुसऱ्या शाळेत १५० भागिले ५, म्हणजे ३०. घ्या! नदीकाठची शाळा एका गुणानं पुढे!

पण आता वर्गात डोकावून पाहू. टेकडीवर पाच वर्ग आणि पाच शिक्षक. प्रत्येक वर्गाला आपले गुरुजी किंवा बाई. नदीकाठी वर्ग पाच आणि शिक्षक दोनच. एका बाईंकडे पहिली आणि दुसरी, दुसऱ्या बाईंकडे तिसरी, चौथी आणि पाचवी. तिसरीला गणित शिकवायचं तर चौथी-पाचवीला पाटीवर काही लिहायला द्यावं लागतं. त्यातून एका बाई प्रशिक्षणाला किंवा निवडणुकीच्या कामाला गेल्या, तर पाचही वर्ग एकीच्याच गळ्यात!

आणि गंमत अशी, की दोन्ही शाळा कायद्याप्रमाणेच आहेत. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला शिक्षण हक्क कायदा सांगतो, की पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत २ शिक्षक हवेत, ६१ ते ९० ला ३, ९१ ते १२० ला ४ आणि १२१ ते २०० ला ५. मुलं १५० च्या वर गेली की एक मुख्याध्यापकही हवा.

म्हणून पत्रक वाचताना दोन भागाकार करा. मुलं भागिले शिक्षक हा पहिला. आणि वर्ग भागिले शिक्षक हा दुसरा, जो सहसा कोणी करत नाही.

अजून एक खोच सांगते. "शौचालय आहे का?" आणि "ते वापरात आहे का?" हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि पत्रकात ते वेगवेगळेच विचारलेले असतात. नळाचंही तसंच. तोटी असणं वेगळं आणि मधल्या सुट्टीत तिला पाणी येणं वेगळं. त्यातून पत्रकातला आकडा बहुधा मागच्या वर्षाचा असतो. तेव्हा वाचताना वर आधी साल बघा.

एकाच आकड्यांची तीन उत्तरं

आता निकालाकडे येऊ. त्याच दोन शाळांच्या दुसरीच्या वर्गात समजा वीस-वीस मुलं आहेत. छोटी गोष्ट न अडखळता कोणाला वाचता येते, हे वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी पाहिलं.

टेकडीवर सुरुवातीला १५ मुलं वाचत होती, शेवटी १८. नदीकाठी सुरुवातीला ४ मुलं वाचत होती, शेवटी १४. आता सांगा, पहिला नंबर कोणाचा?

एक जण म्हणेल, "टेकडीचा! तिथं शंभरात ९० वाचतात, नदीकाठी ७०च." बरोबर.

दुसरा म्हणेल, "छे! टेकडीवर वर्षभरात तीनच मुलं नव्यानं वाचायला शिकली. नदीकाठी दहा शिकली. जास्त काम कोणी केलं?" हेही बरोबर.

तिसरी जरा चष्मा सावरून म्हणेल, "पण टेकडीवर न वाचणारी मुलं होतीच मुळी पाच. त्यातली तीन शिकली, म्हणजे शंभरात ६०. नदीकाठी न वाचणारी सोळा होती, त्यातली दहा शिकली, म्हणजे शंभरात साडेबासष्ट. दोघींची जवळपास बरोबरीच की!" आणि हिचंही बरोबर!

आकडे तेच, उत्तरं तीन. कारण प्रश्न तीन होते. शाळेत किती मुलांना वाचता येतं, हा एक. शाळेनं वर्षभरात किती मुलांना वाचायला शिकवलं, हा दुसरा. आणि ज्याला येत नाही, त्याला इथं शिकण्याची संधी किती, हा तिसरा. ज्या घरात आजोबा पेपर वाचतात, ताई गोष्टी सांगते, तिथलं मूल शाळेत येतानाच थोडं शिकून आलेलं असतं. ज्याचे आईबाबा पहाटेच कामावर जातात, त्याची सगळी भिस्त शाळेवर. तेव्हा शेवटचा निकाल पाहून शाळेला शाबासकी देताना, त्यातला घराचा वाटा किती, हेही विचारायला हवं.

ही गोष्ट कळायला मोठ्या देशांनाही वेळ लागला. इंग्लंडमध्ये १९९२ साली सरकारनं माध्यमिक शाळांचे निकाल जाहीर करायला सुरुवात केली. वर्तमानपत्रांनी लगेच फुटबॉलच्या संघांसारखी त्यांची उतरती यादी छापली. तिला नावही पडलं 'लीग टेबल'. पण श्रीमंत वस्तीतल्या शाळा वर आणि गरीब वस्तीतल्या खाली, हे दरवर्षीचंच झालं. शेजारच्या वेल्सनं २००१ साली असली यादीच बंद केली. इंग्लंडनं २००२ पासून मूल कुठून निघालं आणि कुठवर पोचलं, हेही मोजायला घेतलं.

लहान वर्गाचा आणखी एक घोळ असतो. वर्गात पाचच मुलं असतील तर एक मूल म्हणजे तब्बल २० टक्के! आईबाबांबरोबर वीटभट्टीवर गेलेलं एक मूल वर्षभर आलं नाही, की निकाल १०० वरून ८० वर. तेच ५० मुलांच्या वर्गात फरक पडतो फक्त २ टक्क्यांचा. म्हणून यादीत अगदी वर आणि अगदी खाली बघाल, तर छोट्या शाळाच जास्त दिसतात. छोट्या शाळेचा एकाच वर्षाचा निकाल पाहून टाळ्याही वाजवू नका आणि नाकही मुरडू नका. तीन-चार वर्षांचे आकडे शेजारी ठेवा, मग बोला.

बोटाला शाई!

पण मुळात आकडाच खरा नसेल तर? हसू नका, आपल्याच राज्यात हे घडलं आहे.

शाळेला शिक्षक किती, अनुदान किती, खिचडीचे तांदूळ किती, हे सगळं पटावर ठरतं. पट म्हणजे हजेरीबुकातली नावं. नावं वाढली की सगळंच वाढतं. मग काही ठिकाणी अशी नावं घुसली, ज्यांची मुलं वर्गात कधी दिसलीच नाहीत! आधी नांदेड जिल्ह्यात तपासणी झाली आणि मोठा घोळ उघड झाला. मग २०११ साली ३ ते ५ ऑक्टोबर असे तीन दिवस राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली. दुसऱ्या खात्यांचे अधिकारी शाळाशाळांत गेले. एकच मूल दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून मतदानात लावतात तशी शाई मुलांच्या बोटाला लावली. मोजणी संपली तेव्हा पटावर नाव आहे पण शाळेत सापडली नाहीत, अशी मुलं निघाली २० लाखांच्या घरात!

त्यात काही खरोखर आजारी असतील, काही गावाला गेलेली असतील. पण सगळीच कशी असतील?

आता शाळेच्या एकूण संख्येऐवजी एकेका मुलाची नोंद होते, आधार क्रमांकाशी ती ताडून पाहतात. खोटी नावं घुसवणं त्यामुळे अवघड झालं. मात्र उलटी अडचणही येते. आधारवरचं नाव आणि शाळेतलं नाव जुळलं नाही, तर समोर बाकावर बसून पाढे म्हणणारं मूल हिशेबातून सुटू शकतं. म्हणून घरी जाऊन तुमचं नाव आणि जन्मतारीख दोन्हीकडे सारखी आहे ना, एवढं पाहून घ्या. तुमच्या एका नावावर शाळेचा शिक्षक अवलंबून असू शकतो!

वाचता येतं का, हे कोण बघतं?

यू-डायसच्या पत्रकात नळ मोजतात, खोल्या मोजतात. पण तुम्हाला वाचता येतं का, हे त्यात लिहिलेलं नसतं. त्यासाठी वेगळ्या पाहण्या होतात. 'प्रथम' या संस्थेची 'असर' नावाची पाहणी २००५ पासून चालू आहे. मुलांचं वाचन तपासायला तिचे कार्यकर्ते शाळेत नाही, तर खेडोपाडी थेट घरी जातात. आधी अक्षरं, मग शब्द, मग पहिलीच्या पातळीचा उतारा आणि शेवटी दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचायला देतात. मूल पाचवीत असलं तरी गोष्ट दुसरीचीच!

२०१८ साली देशाच्या ग्रामीण भागात पाचवीतल्या शंभर मुलांपैकी सुमारे ५० जणांना ती गोष्ट वाचता आली. मग कोरोना आला, शाळा बंद पडल्या. २०२२ साली हा आकडा ४३ च्या आसपास घसरला, आणि २०२४ साली पुन्हा ४९ च्या जवळ आला. म्हणजे शाळा बंद राहिली की काय होतं आणि उघडली की काय होतं, ते या तीन आकड्यांत दिसतं.

पण एक लक्षात ठेवा. ही पाहणी प्रत्येक जिल्ह्यातली काही गावं आणि त्यातली काही घरं निवडून होते. भात शिजला का, हे चार शितं चेपून बघतात ना, तसं. त्यावरून राज्याचा अंदाज येतो. तुमच्या शाळेचा येत नाही. तेव्हा "राज्याचा आकडा वाईट, म्हणून आपली शाळा वाईट" असं कोणी म्हणालं तर त्याला तिथंच थांबवा.

वीसपेक्षा कमी

आकड्यांनी कधी कधी शाळेचं भवितव्यच ठरतं. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारनं २० किंवा त्याहून कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' करण्याचे प्रस्ताव मागवले. त्या वेळी अशा शाळा होत्या सुमारे १४ हजार ७००, आणि त्यात मुलं सुमारे १ लाख ८५ हजार. करा भागाकार. एका शाळेत सरासरी बारा-तेरा मुलं.

यावर खूप वाद झाला. एक बाजू म्हणाली, "बारा मुलांत कबड्डीचे दोन संघही होत नाहीत. मोठ्या शाळेत प्रत्येक वर्गाला शिक्षक मिळेल, सोबती मिळतील, प्रयोगशाळा मिळेल." दुसरी बाजू म्हणाली, "पावसाळ्यात नाल्याला पाणी आलं की पहिलीतलं लेकरू पलीकडच्या गावी जाईल कसं? मुलींची तर शाळाच सुटेल." दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पण बघा, 'पट १२' या आकड्यात तो नाला दिसतो का? आईला वाटणारी काळजी दिसते का? आपल्या राज्याच्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी, असं म्हटलंय ते याच काळजीपोटी. म्हणून आकडा वाचल्यावर एकदा पायी चालत त्या जागी जाऊन यावं लागतं.

करून पाहा

आता वही-पेन्सिल घ्या. तुमच्या शाळेचं प्रगतिपुस्तक तुम्हीच तयार करा. महिनाभर चालणारा प्रकल्प आहे हा, चार-पाच जणांनी मिळून करा.

१. मधल्या सुट्टीत किती तोट्यांना पाणी येतं? सोमवारी, बुधवारी आणि शनिवारी मोजा.

२. मुलींच्या शौचालयाला आतून कडी लागते का? पाणी आहे का?

३. या महिन्यात ग्रंथालयातली किती पुस्तकं घरी गेली? (कपाटात किती आहेत, ते नका मोजू!)

४. तुमच्या वर्गाला महिन्यात किती दिवस पूर्ण वेळ शिक्षक मिळाले?

५. सर्वांत कमी हजर राहणारा तुमचा मित्र का येत नाही? हे त्याला सगळ्यांसमोर विचारू नका, घरी जाऊन प्रेमानं विचारा.

झालं की मग यू-डायसचं पत्रक काढा. शाळेच्या नावानं ते इंटरनेटवर मिळतं. मोबाइल नसेल तर मुख्याध्यापकांना विचारा. तुमचे आकडे आणि पत्रकातले आकडे शेजारी शेजारी लिहा. जिथं फरक दिसेल, तिथं लाल पेन्सिलीनं गोल करा. कोणावर आरोप करायला नाही हं! पत्रक भरलं तेव्हा तोटी चांगली असेल, नंतर मोडली असेल.

आणि आईबाबांसाठी

पालकहो, शाळा निवडताना किंवा निवडलेल्या शाळेकडे पाहताना एवढं करा. दोन शाळा ताडायच्या तर सारख्या शाळा घ्या. कन्हानच्या जिल्हा परिषद शाळेशी तशाच वस्तीतली, तेवढ्याच पटाची शाळा ताडा, नागपुरातली भरभक्कम फी घेणारी नव्हे. एका वर्षाचा आकडा नको, तीन-चार वर्षांचे बघा. आणि पत्रक वाचून झाल्यावर तासभर शाळेत जाऊन बसा. मागच्या बाकावरच्या मुलाकडे शिक्षकाचं लक्ष जातं का, हे कुठल्याच पत्रकात छापलेलं नसतं.

शिक्षण हक्क कायद्यानं अनुदान न घेणाऱ्या खाजगी शाळा सोडल्या, तर बाकी शाळांना शाळा व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात चारातले तीन सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. शाळेचा विकास आराखडा या समितीनंच करायचा असतो. पण बैठकीला किती पालक येतात? सह्या करून चहा पिऊन निघून जाण्यापेक्षा एखादा आकडा घेऊन जा. "शाळा बरोबर नाही" म्हटलं तर कोणालाच काही करता येत नाही. "सहा तोट्यांपैकी दोनच चालतात, आणि पट आहे १४०" म्हटलं, की काम काय आहे ते सगळ्यांनाच कळतं.

तर मुलांनो, शाळा कितवी हे कोणी विचारलं, तर त्याला आधी विचारा, "कशात?" आणि लाल गोल केलेला तो कागद पुढच्या बैठकीला आईच्या पिशवीत ठेवायला विसरू नका.